मेपलचं सावट आणि अकरा चिमुकले होस्टा

२०२१ च्या मे महिन्यात मी घरामागच्या मेपलखाली अकरा चिमुकले होस्टा, म्हणजे पानांसाठी लावतात ती सावलीतली रोपं, लावले. पुढच्या एप्रिलात त्यांतले चारच उगवून आले. बाकी सात जागी नावाच्या पट्ट्या तेवढ्या मातीत उभ्या होत्या. ती सात रोपं का गेली हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि कळलं तेही खटाव तालुक्यात आयुष्यभर कोरडवाहू शेती केलेल्या माझ्या आबांमुळे. परदेशात सावलीच्या अंगणाशी झगडणारे मराठी लोक बरेच आहेत, म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढते आहे.

आधी जागा. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. २०२० साली घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात नॉर्वे मेपलचं एक जुनं झाड होतं, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारं. हे झाड मूळचं युरोपातलं. इथल्या रस्त्यांवरचे एल्म रोगाने मेले तेव्हा त्यांच्या जागी गावोगाव नॉर्वे मेपल लावले गेले. पानाचा देठ तोडला की पांढरा चीक येतो, ती याची खूण. सावली इतकी दाट, की खाली गवतही धड धरत नाही, आणि शरदात बाकीची झाडं उघडी झाली तरी हा नोव्हेंबर उजाडेपर्यंत पानं धरून बसतो. माती लाल, चिकण, ओली असताना बुटाला चिकटणारी आणि सुकली की विटेसारखी. पाऊस वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून जाणारा नाही. बाराही महिने थोडाथोडा येतो. त्यामुळे इथे बागेला पाणी कमी पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सावलीसाठी काय लावू असं इथे कुणालाही विचारा, होस्टा हेच उत्तर मिळतं. जपान, कोरिया, चीन इथली ही वनस्पती. जपानीत तिला गिबोशी म्हणतात; तिथल्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर कांद्यासारख्या आकाराचे कळस असतात, त्यांच्यावरून ते नाव पडलं. फुलं येतात, पण होस्टा लावतात तो पानांसाठी. हिरवी, निळसर, पिवळी, पांढऱ्या कडेची, पांढऱ्या पोटाची. मोठ्या जाती कंबरेला लागतात. मी मोहात पडले ते दुसऱ्या टोकाला. चिमुकले होस्टा म्हणजे साधारण सात इंचांच्या आत राहणारे, काहींची पानं तर चमच्याएवढी. त्यात ‘ब्ल्यू माउस इअर्स’ सगळ्यांत लाडका. २००८ साली अमेरिकेतल्या होस्टा उत्पादकांच्या संघटनेने त्याला वर्षाचा होस्टा म्हणून निवडलं होतं. पानं गोल, जाड, कडेला किंचित वळलेली, खरोखर उंदराच्या कानासारखी. तो निळेपणा पानावरच्या मेणाचा असतो. बोट फिरवलं की निघून जातो आणि खाली साधं हिरवं पान दिसतं. पाहुण्यांची मुलं आली की मी आधी हेच सांगते, हात लावू नका रे.

अकरा रोपांची वाटणी अशी होती: ब्ल्यू माउस इअर्स तीन, ‘लेमन लाइम’ दोन, ‘ड्रॅगन टेल्स’ दोन, पांढऱ्या पोटाचा ‘पँडोराज बॉक्स’ दोन, आणि ‘व्हेनुस्टा’ दोन. व्हेनुस्टा ही कुणी घडवलेली जात नसून कोरियाच्या जेजू बेटावरची रानातली प्रजात आहे. खोडापासून चार फुटांवर अर्धगोल आखला, खड्ड्यांत कंपोस्ट घातलं, रोपं लावली आणि वर तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन पसरलं. मोठ्या होस्टांना इथे सगळे असंच करतात.

त्या उन्हाळ्यात रोपं मेली नाहीत, पण वाढलीही नाहीत. पानांना भोकं पडली आणि माझा सगळा संशय गोगलगायींवर गेला. इथल्या बिनशंखाच्या गोगलगायी होस्टाच्या जन्माच्या वैरी आहेत. रात्री दहाला टॉर्च घेऊन जायचं, वेचायच्या, साबणाच्या पाण्यात टाकायच्या. जमिनीत वाट्या पुरून त्यांत बिअर ठेवली, मग आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या आणल्या. गोगलगायी कमी झाल्या, भोकंही कमी झाली, रोपं मात्र होती तेवढीच. खरं तर ब्ल्यू माउस इअर्सच्या जाड पानांना गोगलगाय फारशी शिवतही नाही, आणि तरीही त्याची वाढ खुंटली होती. तिथेच मला शंका यायला हवी होती. उलट मी आणखी खत घातलं.

एप्रिल २०२२ मध्ये वर आले ते एक ब्ल्यू माउस इअर्स, दोन्ही लेमन लाइम आणि एक व्हेनुस्टा. पट्ट्यांजवळ उकरून पाहिलं. पँडोराज बॉक्सच्या जागी मऊ, कुजका गोळा लागला. एका ड्रॅगन टेल्सचा गड्डा जमिनीच्या वर येऊन वाऱ्याने सुकून खारकेसारखा झाला होता. म्हणजे काही कुजून गेले होते आणि काही सुकून. एकाच वाफ्यात, एकाच हिवाळ्यात. याचा अर्थ मला लागेना.

जूनमध्ये आबा काही महिन्यांसाठी आले. सामानात त्यांचं खुरपं होतं, कापडात गुंडाळलेलं. दुसऱ्याच दिवशी ते मेपलखाली जाऊन उकिडवे बसले. मी त्यांना गोगलगायींचं सांगत होते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी उरलेला ब्ल्यू माउस इअर्स मातीच्या ढेकळासकट अलगद उचलला आणि ढेकूळ हातात मोडलं.

होस्टाची मुळं पांढरी, मांसल, शेवयांसारखी असतात. त्या ढेकळात अशा सहा-सात शेवया होत्या. बाकी सगळा काथ्या. तांबूस, केसासारखी बारीक मुळं, इतकी दाट विणलेली की माती झटकली तरी तिचा आकार मोडेना. मी खड्ड्यात घातलेल्या कंपोस्टचा कणही दिसत नव्हता.

“अगं, हे सावलीनं नाही मेलं,” आबा म्हणाले. “आपल्या बांधावरच्या लिंबाखाली ज्वारी का येत नाही? लोक म्हणतात झाडाचं सावट पडतं. सावट वरनं दिसतं, खातं ते खालनं. तू या झाडाच्या तोंडात आयतं शेणखत घातलंस.”

माझ्या लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी बांधालगत चर मारायचे. कडुलिंबाची मुळं शेतात शिरू नयेत म्हणून. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी इथे ते मला आठवलं नाही, कारण इथल्या झाडाखाली मी सावलीत वाढणारं रोप लावत होते, आणि सावली म्हणजे फक्त कमी ऊन असंच डोक्यात बसलं होतं.

नुसतं एका ढेकळावरून ठरवायचं नव्हतं, म्हणून दोन एकसारखे डबे घेतले. एक उघड्यावर ठेवला, एक मेपलखाली. पुढच्या पावसानंतर पट्टीने मोजलं: उघड्यावर १९ मिलिमीटर, झाडाखाली ७. बाकीचं पानांवरच अडलं आणि उडून गेलं. त्यानंतर दोन्हीकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. उघड्यावर तो मुठीपर्यंत गेला, मेपलखाली दोन इंचांवर अडकला. आबांनी तिथली माती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, पाऊस पडून एक दिवस झालाय आणि हिला वाफसाच नाही. त्याच ऑगस्टमध्ये राज्यभर दुष्काळाची पूर्वसूचना जाहीर झाली. मेपल त्या वर्षी हिरवागार होता.

आता हिवाळ्याचं कोडं सुटत गेलं. चिमुकल्या होस्टाची मुळं चार-सहा इंचांच्या वर खोल जात नाहीत. उन्हाळाभर उपाशी राहिलेलं रोप इवल्या गड्ड्यासह हिवाळ्यात शिरतं. वर तीन इंच आच्छादन आणि त्यावर मेपलची ओली, चामड्यासारखी पानं. पाऊण फूट उंचीच्या होस्टाला जे पांघरूण सोसतं, त्याखाली तीन इंची होस्टा गुदमरून कुजतो. पँडोराज बॉक्सचं तेच झालं, शिवाय पांढऱ्या पोटाच्या पानांत हरितद्रव्य कमी, त्यामुळे तो मुळातच अशक्त. आणि जिथे पानं वाऱ्याने उडून जमीन उघडी पडली, तिथे दुसरी गोष्ट घडली. इथल्या हिवाळ्यात जमीन एकदा गोठून तशीच राहत नाही. गोठते, सुटते, पुन्हा गोठते. मातीतल्या पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि वरचं हलकं रोप इंच-इंच उचलून बाहेर टाकतो. मोठ्या होस्टाला खोल मुळांचा धरबंध असतो, याला नव्हता. ड्रॅगन टेल्स त्यामुळे उघड्यावर पडले.

आबांचा उपाय अर्थातच चर. तो इथे जमण्यासारखा नव्हता. मेपल घरापासून फार लांब नाही, आणि खोडाजवळची जाड मुळं तोडली तर असं झाड वादळात आडवं होऊ शकतं. वर नवी माती टाकून उंच वाफा करायचा मोहही झाला. तोही वाईट, कारण मुळांवर मातीचा थर चढला की झाडाची मुळं गुदमरतात, आणि जी तगतात ती वर्षा-दोन वर्षांत नव्या मातीत चढून येतात.

मग कुंड्या. जुलैमध्ये चारही रोपं प्लास्टिकच्या कुंड्यांत हलवली आणि त्याच जागी जमिनीवर ठेवली. ऑक्टोबरमध्ये एक कुंडी उचलायला गेले तर उचलेना. मेपलने तळाच्या भोकातून मूळ वर घातलं होतं आणि निम्मी कुंडी काथ्याने भरली होती. तीन महिन्यांत! पाणी मिळतंय हे कळल्यावर ते झाड कुठेही पोचतं. त्या दिवसापासून एक नियम केला: होस्टाची माती आणि मेपलची माती यांच्यामध्ये हवा पाहिजे.

याचा विचार आधीच सुरू झाला होता. चिमुकल्या होस्टांचे रानातले सोयरे कुठे राहतात हे मी वाचत होते. जपानमधल्या एका प्रजातीचं नावच इवा-गिबोशी, म्हणजे खडकावरची गिबोशी. डोंगरउतारावरच्या खडकांच्या फटीत, मूठभर पानकुजीत ती राहते. हवा दमट, पाणी येतं आणि लगेच निघून जातं. आबांना हे सांगितलं तर त्यांना सज्जनगडाच्या वाटेवर पावसाळ्यात दगडाला चिकटून येणारा रानबेगोनिया आठवला. “मग त्याला दगडच दे की,” ते म्हणाले. “डोण कर.”

आमच्या विहिरीजवळ बैलांना पाणी पाजायची दगडी डोण होती. योगायोग असा, की इंग्लंडमध्ये डोंगरी झाडं लावायला जुन्या दगडी डोणीच वापरत. त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा लोकांनी सिमेंटच्या हलक्या डोणी ओतायला सुरुवात केली. इथे त्या मिश्रणाला हायपरटुफा म्हणतात. एक भाग पोर्टलंड सिमेंट, दीड भाग पीट मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ), दीड भाग पर्लाइट (भाजून फुलवलेले पांढरे हलके खडे). तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घालून कोरडं कालवायचं, मग पाणी इतकंच, की मूठ दाबली तर दोन थेंब गळावेत. पुठ्ठ्याचं मोठं खोकं बाहेरून, लहान आतून, मधे दोन इंच जाडीची भिंत. तळाला तीन भोकांसाठी झाडूच्या दांड्याचे तुकडे उभे केले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आम्ही अशा चार डोणी केल्या, प्रत्येक दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, आठ इंच उंच. दोन दिवस प्लास्टिकखाली झाकायच्या, मग खोकी सोलून तारेच्या ब्रशने कडा घासायच्या. आबांनी कडा घासताना कोपरे मुद्दाम गोल केले; नव्या डोणीचे कोपरे टोकदार राहिले तर ती डोण वाटत नाही असं त्यांचं म्हणणं. नंतर हिवाळाभर त्या उघड्यावर पडू दिल्या, म्हणजे सिमेंटचा चुना पावसा-बर्फाने धुऊन निघतो. ही घाई कुणी करू नये. ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. रोपं लागलेली त्यांनी पाहिली नाहीत.

एप्रिल २०२३ मध्ये मेपलच्या सावलीच्या उत्तर कडेला, जिथे सकाळी दहापर्यंत कोवळं ऊन येतं, तिथे फरशा टाकल्या, फरशांवर विटांचे दोन-दोन थर आणि त्यांवर डोणी. मिश्रण: तीन भाग पाइनच्या सालीचा बारीक चुरा, एक भाग पर्लाइट, एक भाग कंपोस्ट. नव्या रोपांची मुळं आधी बादलीत धुऊन घेतली, कारण रोपवाटिकेतलं पीट तसंच ठेवलं तर ते मधोमध ओल्या बोळ्यासारखं राहतं. गड्ड्याचं तोंड मातीच्या बरोबरीने, खाली नाही. वर आच्छादन म्हणून अर्धा इंच बारीक खडी. एवढंच. जुन्या चारांपैकी तीन रोपं आणि नवी दहा अशी तेरा डोणींत गेली. चौथं, दोन लेमन लाइमपैकी एक, मी मुद्दाम पुन्हा मेपलखालच्या जमिनीत लावलं. दोन्ही एकाच दिवशी आणलेली, एकाच आकाराची. फरक डोणीमुळे आहे की आणखी कशामुळे, हे मला कळायला हवं होतं.

देखभाल फार नाही, पण चुकवून चालत नाही. जून ते ऑगस्ट एक दिवसाआड पाणी, डोणीला साधारण दोन लिटर, सकाळी. मे आणि जूनमध्ये पंधरवड्याने एकदा पातळ द्रवखत, पाकिटावर लिहिलेल्याच्या चौथाई ताकदीचं, जुलैनंतर बंद. पानगळीच्या दिवसांत डोणीवरची मेपलची पानं रोज हाताने उचलायची. थंडी पडली की डोणी घराच्या उत्तर भिंतीला लावून ठेवते आणि वर तिरकी फळी टाकते, म्हणजे पाणी साचून गोठत नाही. घरात मात्र आणत नाही. होस्टाला थंडीची झोप लागते, कित्येक आठवड्यांची. ती मोडली तर पुढच्या वर्षी तो क्षीण होतो. पुण्याच्या मावशी दर वेळी विचारतात, एक रोप आण ना. पुण्यात ही झोप मिळत नाही, त्यामुळे तो तिथे झुरत जाईल. आबांना हे एका वाक्यात पटलं होतं: रानातल्या चवराचा कंद जसा पावसाळा संपला की जमिनीत दडतो, तसा हा थंडीत दडतो.

खरी कसोटी २०२४ च्या ऑक्टोबरला लागली. १८९५ पासूनच्या नोंदींत न्यू जर्सीत इतका कोरडा महिना दुसरा नाही. पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पानं पिवळी पडून होस्टा झोपायला निघाले होते आणि पाणी थांबवावं असं वाटत होतं. पण हिवाळ्यात मूळ सुकलं की रोप मरतं हे ड्रॅगन टेल्सने शिकवलं होतं. म्हणून पानं गेल्यावरही आठवड्यातून एकदा पाणी देत राहिले, खडीकडे बघून, दिसत काही नसताना.

सगळं साधलं असं नाही. नवा आणलेला पँडोराज बॉक्स दुसऱ्या वर्षी पूर्ण निळसर-हिरवी पानं काढू लागला. तो ‘बेबी बंटिंग’ नावाच्या जातीतून निघालेला आहे आणि संधी मिळाली की मूळ रूपावर जातो. हिरवे कोंब जोमदार असतात, पांढऱ्यांना दाबून टाकतात; ते दिसताच गड्ड्यापासून कापायला हवे होते. मी पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग प्रवास आला, आणि पांढरे कोंब संपले. उरलं ते बेबी बंटिंग. तेही गोड आहे, पण मी लावलेलं ते नव्हे. त्याच डोणीतला त्याचा जोडीदार २०२४ च्या जुलैत मान टाकून गेला.

दुसरं प्रकरण गंभीर होतं. २०२४ मध्ये एका दुकानातून स्वस्तात मिळालेल्या एका पिवळ्या होस्टाच्या शिरांलगत हिरवी शाई फुटल्यासारखे डाग दिसले. होस्टा व्हायरस एक्स. याला औषध नाही, आणि तो रसातून पसरतो: एका रोपावर वापरलेली कात्री दुसऱ्याला लावली की झालं. रोप, मुळं, भोवतालची माती, सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं, कंपोस्टमध्ये नाही. त्या रोपाला नशिबाने वेगळ्या कुंडीत ठेवलं होतं. आता नवीन येणारं प्रत्येक रोप एक पूर्ण हंगाम वेगळं राहतं, आणि दोन रोपांच्या मधे कात्री दर वेळी स्वच्छ होते.

डोणींत लावलेल्या तेरापैकी एप्रिल २०२५ मध्ये बारा उगवले. ब्ल्यू माउस इअर्सचा जुना गड्डा, ज्यात आबांना सहा-सात शेवया सापडल्या होत्या, त्याला अकरा कोंब होते. डोणी गुडघ्यापर्यंत उंचावल्यामुळे मिळालेली एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती: जुलैत ब्ल्यू माउस इअर्सच्या कळ्या फुग्यासारख्या टम्म होतात आणि त्यांवर जांभळट रेषा असतात. जमिनीवर होता तेव्हा हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आणि लेमन लाइमची जोडी. डोणीतल्याला एकोणीस कोंब. जमिनीतल्याला चार.

हे आकडे सांगायला आबांना व्हिडिओ कॉल केला. आधी त्यांनी डोणींच्या कडा दाखवायला सांगितल्या; उत्तरेकडच्या बाजूला शेवाळ धरलंय हे पाहून ते खूश झाले. मग जमिनीतला लेमन लाइम दाखवला आणि का ठेवला होता तेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

“कळलं ना आता तुला?” ते म्हणाले. “मग त्याला कशाला उपाशी ठेवलंयस?”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो काढला. त्यांचंच खुरपं वापरलं. जाताना ते इथेच ठेवून गेले होते. गड्ड्याभोवतीचा काथ्या बादलीतल्या पाण्यात सोडवायला पाऊण तास लागला, आणि आत पांढऱ्या शेवया निघाल्या त्या नऊ.